बारावा सुरुंग

तीर्थस्वरूप ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. दोन दिवस खाणीचं काम बंद आहे, त्यामुळे आरामच आराम. बंद मीच केलंय.

परवा दगड फोडायला बारा सुरुंग लावले. नेहमीप्रमाणे लांब उभं राहून सगळ्यांनी आवाज मोजले. त्यांचे बारा भरले, माझे अकरा. एखादा न उडता दगडाखाली राहिला असेल, तर पहिली पहार बसताच घात होईल. मुकादम मी, म्हणून कोणालाच खाली उतरू दिलं नाही.

मालक म्हणतात, मुकादमाचा कान गेलाय. डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं हे खरंच आहे. लहानपणी तो पिळायचीस तूच, आता साक्षही तूच दे. गडीही हसतात, पण हसताना खाणीकडे कोणी बघत नाही.

उद्या सकाळी दगड उपसून बघायचंय. माझ्या शंकेपायी दुसऱ्याला कसा पाठवू? मीच उतरणार आहे.

आईचा गुडघा कसा आहे? तिला फक्त आरामाचं वाचून दाखव.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर खरा आकडा कळलेला असेल. माझाच चुकलेला असू दे.

तुझा,
धाकटा