सव्वाअकराची पिवळी ज्योत

नांदेड, मार्च १९८५

तीर्थरूप गुरुपादप्पामामांस बसवंताचे शरणु शरणार्थ.

जगदेवीमामींचा गुडघा कसा आहे? रेणापुरात टँकर येतो का? इथं नळ तिसऱ्या दिवशी येतो आणि नुसता खोकून जातो.

नोकरी झकास आहे, असं लिहिणार होतो. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला ज्यांच्या जागी घेतलं, ते हणमंतराव शिपाई त्याच खोलीत बसल्या जागी वारले होते. (जागा तुम्हीच बघून दिलीत, हे सांगायचं तेवढं तुमचं राहिलं.)

तिथं व्यंकटराव सरांनी लेझर बसवलाय. गॅसच्या निळ्या ज्योतीतून त्याचा सुईसारखा पिवळा किरण जातो. ज्योतीत मिठातलं सोडियम कणभर जरी असलं तरी किरणात ते चमकतं, आणि किती आहे ते यंत्र कागदावर रेघ ओढून दाखवतं. त्यासाठी खोलीत भरदिवसा काळे पडदे.

सोमवारपासून, ज्योतीत काहीही सोडलेलं नसताना, रोज सव्वाअकराला चमक दिसू लागली. सरांनी बर्नर धुतला, नळ्या बदलल्या (धुवायचं पाणी मी डोक्यावरून आणलं), शेवटी दुष्काळाच्या धुळीवर खापर फोडलं. पण धूळ काय घड्याळ बघून येते? झाडणाऱ्या सरजाबाई दारातूनच म्हणाल्या, "हणमंतराव हाय त्यो. ह्याच टायमाला हितं भाकर खायचा."

सर हसले. लेझरपुढं पुठ्ठा धरून म्हणाले, "एवढ्याशा सोडियमला किरणाशिवाय चमकता येत नाही. बघ, आता विझेल."

विझलं नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका ज्योतीत तसाच राहिला, मग हळूच माझ्या बाजूला सरकला.

"बसवंत, दार उघड," सर पुटपुटले. मी उघडायच्या आत ते बाहेर होते. कसे, ते विज्ञानालाच ठाऊक.

मी मात्र थांबलो. ज्यांची खुर्ची घेतली त्यांना पाठ कशी दाखवायची? हात जोडून म्हणालो, "हणमंतराव, जागा तुमचीच हाय. म्या निस्ता पगारापुरता बसलोय." ज्योत पुन्हा निळी झाली.

आपला भाचा,
बसवंत

ता. क. लातूर नवा जिल्हा झालाय, कचेऱ्या नव्या, म्हणजे तिथं अजून कुणी मेलेलं नसेल. शिपायाची जागा बघा.

ता. क. २. सरांना सांगू नका, पण सोमवारपासून अंधारात मी रोज त्याच वेळी खारे शेंगदाणे खायचो. मीठ त्याचंच असणार. तेव्हा घाई नाही.

ता. क. ३. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज शेंगदाणे नेले नव्हते. सव्वाअकराला ज्योत पिवळी झाली. खोलीत मी एकटाच, आणि शेजारी कुणीतरी सावकाश चावत होतं. घाई आहे.