तलवार धुवायचं पाणी

लष्कर, आश्विन शु. ७, सन १९३३
आजही काही नाही. तासभर कॉइलच्या ठिणग्या पाण्यावर पाडल्या, तेजाब ओळखणारा निळा लिटमस कागद निळाच! ठिणगीने हवा जळते, ती पाण्यात उतरून तेजाब, म्हणजे आम्ल, व्हायला हवं, त्यातून शेताला खत. नुसती हवा, पाणी, वीज! पण पाणी ऐकेल तर ना. मुद्दाम विहिरीचं घेतो. शेतकरी काय गाळीव पाणी आणणार?
कॉलेजचे प्रिन्सिपॉलसाहेब प्रयोगशाळेच्या दारात उभे. "जाधवजी, पानी पे आतिशबाज़ी बहुत हो गई। दशहरे के बाद कॉइल फ़िज़िक्सवालों को दे दो।" डोकंच फिरलं. म्हटलं, पानी बदलके दिखा दूँ तो? "कुएँ का पानी बदलके दिखाओ, फिर रख लेना।"

शु. ८
आबांचं नवंच. घोडदळाच्या रिसाल्यातून निवृत्त झाले, पण खंडेनवमीचा दरारा तोच. "तुझं हत्यार कुठलं? पाटावर आण." म्हटलं, कॉइल. "मग बॅटरीपण आण. म्यानातली तलवार पूजत नाहीत." आणली बापडी टांग्यातून, पोटाशी धरून.

खंडेनवमी
पाटावर तलवार, भाला, मधे माझी कॉइल. आईने तिलाही हळदकुंकू वाहिलं, तारा पुसून घ्याव्या लागल्या. आबा म्हणाले, चालव आता. आईने पाटाजवळच्या घागरीतलं पाणी प्याल्यात दिलं. ठिणग्या, ठिणग्या... कागद बुडवला. तांबडा! ओरडलोच. आई, हे पाणी कुठलं?
"तलवार धुवायचं. पावसाचं साठवलेलं."
आबा : "विहिरीचं लावतं का कोणी पोलादाला? पांढरे डाग पडतात, इतना भी नहीं मालूम?"
पांढरे डाग म्हणजे चुना! विहिरीतला चुना तेजाब गिळत होता आणि मी बसलोय ठिणग्यांना शिव्या देत.

दसरा
सोनं वाटायला गेलो नाही, आई चिडलीय. पावसाचं पाणी ठिणगीशिवाय, कागद निळा. ठिणगीने तांबडा. पक्कं!
जेवताना घास हातातच राहिला. चुन्याने तेजाब गिळलं, मग ते गेलं कुठं? दोघांचा सोराच, म्हणजे नायट्रेट, झाला असणार. सोरा म्हणजे खत! अरे देवा, महिनाभर 'काही नाही' म्हणत मोरीत ओतलं ते... गाढव मी, शुद्ध गाढव. सप्तमीची एक बाटली शिल्लक होती, ती आटवायला ठेवलीय. सोरा असेल तर हिराकस आणि गंधकाच्या तेजाबाने परीक्षानळीत तपकिरी कडं दिसेल.

एकादशी
बाटलीतलं विहिरीचं पाणी आटून चमचाभर उरलं. एकदाच तपासता येईल, तेव्हा साहेबांसमोरच. पाय जमिनीवर ठरत नाहीत. आबा फेटा बांधून तयार. "मीपण येतो."
आबा, कडं नाही दिसलं तर?
"पूजलेलं हत्यार परक्याच्या हाती देत नसतात. साहेबांना मी सांगतो, तू ते कडं बघ."
टांगेवाला हाका मारतोय. कॉइल आबांनी मांडीवर घेतलीय, मला हात लावू देत नाहीत.