काविळीच्या साथीतले सामने

बाई, तुम्ही गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. डाळ शिजत होती, ती शिजू दिली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा रडू आलं नाही, आताही येत नाही. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, तेवढी लिहिते.

मी दहावीत, घाटकोपरच्या आपल्या शाळेत तुम्ही तयार केलेल्या खो-खो संघाची कर्णधार. त्या वर्षी नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं आणि घरोघरी कावीळ आली. मुलींचे आंतरशालेय सामने मध्येच थांबले. महिन्याभराने मुलुंडच्या मैदानावर सभा भरली, पुन्हा सुरू करायचे का म्हणून. मी तुमच्याबरोबर आले होते. आयोजक म्हणाले, "दोन आठवडे नवीन केस नाही, बाई. पोरींचं वर्ष कशाला घालवायचं?" तुम्ही विचारता, "पाण्याचं काय?" ते कोपऱ्यातलं पिंप दाखवतात. साखळीला बांधलेला एकच पेला, सगळ्या संघांना. तुम्ही झाकण उचलून आत बघता, परत ठेवता. "प्रत्येकीला उकळलेलं पाणी घरून आणू दे. डॉक्टरांना तपासू दे. मग खेळवा." कुणीतरी हसलं. "मग दिवाळीनंतरच होतील सामने." "होऊ देत," तुम्ही म्हणालात. बाकी शाळांनी होकार दिला, तुम्ही आपलं नाव मागे घेतलंत.

बसस्टॉपवर मी तुम्हाला बोलले. बाबांची गिरणी बंद पडली होती. राज्याच्या संघात निवड झाली तर पुढे रेल्वेत नोकरी लागेल, यावर घर टेकून होतं, आणि निवड त्याच सामन्यांतून होणार होती. मी म्हटलं, "तुम्हाला स्वतःची मुलगी असती तर कळलं असतं." तुम्ही पर्समधून बसचे सुटे पैसे काढलेत. मग म्हणालात, "कर्णधार आहेस ना? बाराजणींचं बघायचं गं, एकटीचं नाही."

सामने झाले. खेळलेल्यांपैकी कुणी आजारी पडलं नाही. पालक मुख्याध्यापकांकडे गेले, बाईंच्या भित्रेपणामुळे पोरींचं नुकसान झालं म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर संघ दुसऱ्या सरांकडे गेला आणि तुम्हाला शिवणाचे तास मिळाले.

आता राहिलेलं. अंतिम सामना रविवारी होता. दोनच दिवसांनी, मंगळवारी, माझे डोळे पिवळे झाले. आईने बघितलं आणि म्हणाली, "कोणाक सांगू नको. नोकरीच्या फॉर्मात आजार इचारतत." शाळेत कळवलं, गावाला गेली आहे. मी तीन आठवडे मोरीशेजारच्या खोलीत पडून होते. डॉक्टर म्हणाले, "डोळे पिवळे व्हायच्या आधीच ही जास्त पसरते. कुणाबरोबर एकाच भांड्यातून पाणी प्यायलीस का या दिवसांत?" मी नाही म्हटलं. ते खरं होतं, आणि ते तुमच्यामुळे खरं होतं. तुमच्याकडून संघ काढून घेतला तेव्हा मी बरी होऊन वर्गात बसले होते. माझं एक वाक्य पुरलं असतं. नोकरी मला पुढे साधी परीक्षा देऊन लागली, खेळाचा संबंधही आला नाही.

एकदा जिन्यात तुम्ही मला थांबवलंत. "गावी सगळं ठीक ना? बारीक झालीस." मी म्हटलं, "हो बाई." तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघत राहिलात. तुम्हाला तेव्हाच सगळं कळलं असणार, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तुम्हाला काही कळलं नव्हतं, बाई. माझे डोळे दिसतील इतका जिन्यात उजेडही नव्हता.