बाबांच्या इंजिनाची शिट्टी

२० सप्टेंबर १९८७, रविवार
बाबांना जाऊन चार महिने झाले. आई म्हणाली, औंदा खंडेनवमीला त्यांच्या जागी तू उभा रहा. म्हणजे कॉलनीच्या गेटापाशी चौथऱ्यावर ठेवलेल्या छोट्या इंजिनावर चढायचं आणि शिट्टीची दोरी ओढायची. धरण बांधताना अरुंद रुळांवरचं हे इंजिन बाबा चालवायचे. आता बॉयलर कोरडा. शिट्टीसाठी पंक्चरवाले दत्तराव कॉम्प्रेसरची हवा सोडतात.
मला भीती वाटत नाही. दरवर्षी त्या दिवशी नेमकं डोकं दुखतं, म्हणून दार लावून घरात असतो, एवढंच.

२१ सप्टेंबर
आईला म्हटलं, वर्षाच्या आत सण कसा करायचा? म्हणाली, "सण आपल्या घरात न्हाई. इंजिनाला कायचं सुतक?"
मुद्दा बरोबर आहे. दुसरं कारण शोधायला हवं.

२४ सप्टेंबर, घटस्थापना
निश्चय: रोज इंजिनाला फेरी मारायची.
संध्याकाळी मारली. रस्त्याच्या पलीकडून. ते माझ्याकडे बघत होतं.

२६ सप्टेंबर
दत्तरावांना सहज विचारलं, हवा जास्त झाली तर बॉयलर फुटेल का. म्हणाले, "कारकूनसाहेब, हवा बॉयलरात जातच न्हाई, थेट शिट्टीत जाते. बिनघोर रहा." मग म्हणाले, "मागं एकदा नळी निसटली. भेवानं आमच्या शेळीचं दूध आटलं."
जेवण गेलं नाही. नवरात्राचा उपवास आहे असं आईला सांगितलं.

२९ सप्टेंबर
ऑफिसात एक तारखेला जिंतूरचं अर्जंट काम काढलं. साहेब म्हणाले, काम राहू दे, मीच पूजेला येतोय. झालं!
बाबांच्या मनगटावर वाफेने भाजल्याचा पांढरा डाग होता. त्यांना कशाचीच भीती नव्हती. मीही त्यांचाच मुलगा.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळ
कानात कापूस. वर मफलर. पूर्ण तयारी. आज बाबांचं नाव राखणार.

दुपार
इंजिनाला झेंडूच्या माळा, हळदकुंकू. मी पायरीवर पाय ठेवला. आई म्हणाली, "तू कुठं चाललास? ताट धर." पदर खोचून स्वतः वर चढली. दोरी ओढली.
ताट पडलं. नारळ गडगडत साहेबांच्या बुटापाशी गेला. मी दत्तरावांच्या टायरांमागे होतो. कसा पोचलो ते आठवत नाही.

संध्याकाळ
कापसामुळे आईला दोनदा सांगावं लागलं. इंजिन चौथऱ्यावर आल्यापासून बाबांनी ती दोरी कधीच ओढली नाही. "मेलेल्याच्या तोंडात हवा भरून बोलवायलेत, मला लय भेव वाटतंय, म्हणायचे. दर साली मीच वडायचे. ते ताट धरून, डोळे मिटून उभे."
म्हणजे एवढे दिवस मला फक्त ताट धरायचं होतं.
आई म्हणाली, "त्यांनी ताट पाडलं न्हाई कधी."
शिट्टी वाजली तेव्हा बाबांनी मला नावाने हाक मारल्यासारखं वाटलं. आईला हे सांगितलं नाही.
कापूस अजून कानात आहे. उद्या दसरा. उद्या काढेन.