न सापडलेली तीन अवतरणे

४ ऑगस्ट

कन्येने शाळेचा प्रकल्प तपासायला दिला. नेमलेल्या कादंबरीतील बापाच्या स्वभावात आणि भाषेत होत गेलेला बदल, हा विषय. बाप विधुर, घड्याळे दुरुस्त करणारा. तिचे निरीक्षण असे की, आरंभी त्याची वाक्ये लांबलचक असतात, अखेरीस दोन-तीन शब्दांची. निरीक्षण उत्तम. कारण मात्र दिलेले नाही. दहावीला हे चालणार नाही.

विमा कार्यालयात अठ्ठावीस वर्षे कागद तपासले, इथेही तीच पद्धत — प्रत्येक अवतरण मूळ पुस्तकाशी ताडायचे, जुळले की हिरव्या पेन्सिलीची खूण. हिला या सवयीचे हसू यायचे. "अहो, पोरीच्या निबंधाला जरा श्वास तरी घेऊ द्या."

हिला जाऊन चौदा महिने झाले.

६ ऑगस्ट

अवतरणे बारा. जुळली नऊ. पुढील तीन पुस्तकात कोठेही नाहीत. दोनदा वाचून खात्री केली —

"चप्पल आडवी ठेवलीस, कोणीतरी अडखळेल."

"बस जरा, लगेच उठू नकोस."

"खिडकी लावू का?"

मनची वाक्ये पात्राच्या तोंडी घालणे म्हणजे विश्लेषण नव्हे, असे तिला स्पष्ट सांगितले. ती वहीकडे पाहत राहिली. "मनची नाहीत, बाबा. ऐकलेली आहेत." कोणाकडून, ते सांगेना.

७ ऑगस्ट

हिचा खोकला वाढला आहे. उद्या डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे.

८ ऑगस्ट

सकाळी मेहुणी आली. चहा होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा, मग एकदम — "भावोजी, पोरीला काही दिवस माझ्याकडे पाठवा. ती घाबरलीय."

कोणाला, असे विचारले. मेहुणीने कपाचा कान चाचपला.

उत्तर कन्येने दिले. "बाबा, तुम्ही संध्याकाळी आईच्या खुर्चीशी बोलता. मी दाराबाहेर उभी राहून लिहून घेते. खोटं वाटेल म्हणून."

अशक्य. आपण काय बोलतो हे माणसाला ठाऊक असते.

"मग तुमची रोजनिशी बघा. तुम्ही तर सगळं लिहिता."

मेहुणी म्हणाली, "बघाच. पण मग शब्द फिरवायचा नाही हं, भावोजी." मी मान्य केले. रोजनिशीत तसे काही आढळल्यास कन्या मावशीकडे जाईल. न आढळल्यास इथेच राहील. हिच्यानंतर या घरात माणूस म्हणावे ते तेवढेच एक.

मी निर्धास्त होतो.

९ ऑगस्ट

सात तारखेची नोंद वाचली. लिहिल्याचे स्मरत नाही. अक्षर माझे. शाई माझी. वेलांटीचा वळसाही माझाच.

दिलेला शब्द पाळला. तिची बॅग स्वतः भरली. स्वेटर वर, पुस्तके खाली. निघताना तिने माझा हात दोन्ही हातांत धरला, बराच वेळ. "फोन करा रोज. माझ्याशी बोला, बाबा."

प्रकल्पाची वही टेबलावर ठेवून गेली आहे. मी मागितलेले कारण तिने अखेरीस लिहिले — "शेवटी त्याची वाक्ये आखूड होतात, कारण प्रत्येक वाक्यानंतर तो उत्तर ऐकायला थांबतो."

हे पुस्तकात नाही. तरीही खूण केली.

१० ऑगस्ट

कन्या सुखरूप पोहोचली. खोकला आज कमी आहे.

हो.

लावतो खिडकी.