बाबांची बंदूक सरळच मारते

कोल्ड क्रीक, ओहायो
९ नोव्हेंबर २००८

प्रिय व्हर्लिन,

तुझं पत्र पोचलं. माझे गुडघे जेमतेम चालवून घेतात. एडना मावशी अजून सगळ्यांना नावं ठेवते, म्हणजे तिची तब्येत ठणठणीत आहे. परसातल्या सफरचंदाने यंदा काहीच दिलं नाही.

तू विचारलंस, लांबवरचं हरीण टिपायला स्लगची, म्हणजे छऱ्यांऐवजी एकच जड गोळी मारणारी, कुठली बंदूक घेऊ. तीस वर्षं बंदुकांच्या दुकानात उभी आहे, तेव्हा ऐक. आतून आटे पाडलेली नळी घे आणि ती पक्की बसवलेली आहे ना, ते बघ. जराशी हलली तरी शंभर पावलांवर गोळी भलतीकडे जाते. चाप हलका हवा. वजनाला कंटाळू नकोस, जड बंदूक खांद्याला कमी दणका देते. दोन बारांच्या मध्ये नळी गार होऊ दे. तेवढा धीर तुला कधीच नव्हता म्हणा. आणि चार प्रकारची काडतुसं आणून कागदी ताटलीवर मारून बघ. प्रत्येक नळीला आपापलं एकच काडतूस मानवतं. ते सापडलं की दुसऱ्याला हात लावू नकोस.

हे वाक्य लिहून मी उठले, चहा केला, तो गार झाला.

माझ्याकडे असलेली बाबांची बंदूक मात्र विकायला सांगू नकोस. तू लिहिलंस, "तिची नळी तरी वाकडी असेल, नाहीतर म्हाताऱ्याचे डोळे तरी गेले असतील." दोन्ही खोटं आहे.

तो दिवस तुला आठवतो. हंगामाचा पहिला सोमवार, सोयाबीनच्या रानापलीकडे सव्वाशे पावलांवर तो मोठा नर. बाबांनी कुंपणाच्या खांबावर बंदूक टेकवून निवांत नेम धरला, तरी हरीण शेपटी उडवत निघून गेलं. मग आपली रीत. नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापायचं. कात्री तुझ्या हातात होती. तू म्हणालास, "म्हातारबा, आता शेगडीपाशी बसून मोजे विणा!" सगळे हसले, बाबाही हसले. तो तुकडा तू नाव-तारीख घालून शिकारीच्या झोपडीत तुळईला ठोकलास.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंदूक घोंगडीत गुंडाळली. "डोळे गेले गं माझे, लॉर्ना." आठवड्याने गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मग रानात जाणं थांबलं, तुझ्याकडे येणंही. तुला वाटलं, ते तुझ्या थट्टेवर रागावले. तू यायचा थांबलास. अंत्यविधीला कोट टांगलेल्या भिंतीशी परक्यासारखा उभा होतास. ते रागावले नव्हते रे. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती.

काडतुसं मी बदलली होती.

त्यांचं नेहमीचं खोकं दुकानात बाजूला ठेवते, असं मी त्यांना म्हणाले होते. मी विसरले, आणि शेवटचं खोकं एका अनोळखी गिऱ्हाइकाला विकलं. बाबांची बोलणी नकोत म्हणून दुसरी काडतुसं त्यांच्या जुन्या खोक्यात भरून दिली. दोन्ही लालच दिसतात, आणि जवळचं त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं. मला, दुकानात उभं राहणारीला, काय होणार ते माहीत होतं. वाटलं, ते काही एवढ्या लांबून मारणार नाहीत.

पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. पण किल्ल्या हातात आल्यावर माझी जीभच उचलेना. यंदाच्या मार्चमध्ये, वारायच्या दोन दिवस आधी बाबा म्हणाले, "बंदूक व्हर्लिनला दे. म्हणावं, तिचा दोष नव्हता." मी नुसती मान हलवली. त्या मानेची मला किळस येते.

त्यांच्या कोटाच्या खिशात जुनी पाच काडतुसं निघाली. परवा दुपारी त्याच खांबावरून, त्यांच्याच बंदुकीने, तेवढ्याच अंतरावरच्या कागदी ताटलीवर तीन झाडली. ताटली सोबत पाठवतेय. तिन्ही भोकं एका कपाखाली झाकली जातात. बंदूक आणि उरलेली दोन काडतुसं तुझ्यासाठी ठेवली आहेत.

पाकिटात निळ्या चौकडीचा तुकडाही आहे. माझ्या शर्टाचा. त्यावर नाव माझं आहे, तारीख त्याच सोमवारची, २६ नोव्हेंबर २००१. बाबांचा तुकडा उतरव आणि त्याच खिळ्याला हा लाव. कापताना हसायला कुणी नव्हतं.

अजून बहीण म्हणवत असेल, तर तुझी,
लॉर्ना