दोघांनाही हायच की

३ फेब्रु.
दोन्ही तळहातांवर तांबूस डाग. मागे एकदा खाली, अवघड जागी, फोड आला होता, तो दुखला नाही म्हणून उष्णता समजून सब्जा पीत बसले. आपोआप बसला. आज वाडीत सुपारी सोलताना सुमनवैनीने हात धरला, "काय गो, ह्या काय झाला?" म्हटलं, सुपारीने झालं. "आमीपन तीच सोलतो. आमाला न्हाय झाला." सगळ्या बघायला लागल्या. हात पदराखाली घेतले.

५ फेब्रु.
तळपायांवरही आलेत. पायाने कुठं सुपारी सोलते मी?
आता खोटं कुणाशी बोलू. अलिबागच्या एचआयव्ही सेंटरवर नव्या बायकांना समजवायला तिथल्या मॅडम मलाच बसवतात. "दोघांना एचआयव्ही असला तरी निरोध सोडू नका, दुसरे रोग येतात." झोपेतही म्हणेन इतकं पाठ.
आणि विलास. गोळ्यांच्या रांगेतच ओळख. बायको गेलेली, टेम्पो चालवतो. म्हणाला, "आपल्या दोघांनाही हायच की. आनि काय व्हायचा हाय आता?" मी हसले. हसले मेली! नवरा गेल्यापासून कुणी जवळ घेतलं नव्हतं, तेव्हा कसली अक्कल नि कसलं काय

९ फेब्रु., सोम.
ठरवून गेले होते, आज मॅडमना सांगायचं. आत गेले तर त्यांनी चौलच्या एका नव्या मुलीला शेजारी बसवलं. "ताईंना विचार, ह्या छान सांगतात." पोरगी रडत विचारते, "ताई, नवऱ्यालापण आहे, मग निरोध कशाला?" म्हटलं, मॅडम सांगतील. गोळ्या घेतल्या नि पळाले. दिघीच्या बोटीत तोंड लपवून बसले, जसं काही सगळ्या बोटीला माहिती आहे.

१६ फेब्रु.
सांगितलं. रक्त तपासलं. मॅडम सिफिलिस म्हणाल्या. आमच्यात गरमी म्हणतात, आणि भांडणात बायका एकमेकींना तेच बोलतात. कमरेत इंजेक्शन. बसवत नाही.
मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "हे बरं होतं, ताई. पण त्यांना घेऊन या. नाहीतर तुम्हाला परत होणार."
एचआयव्ही नवऱ्याने दिला तेव्हा सगळे बिचारी म्हणाले. मीही म्हणून घेतलं. आता कोण म्हणेल?
वि.चा मामा आमच्या लग्नाचं बोलायला येणार आहे. सांगितलं तर लग्न गेलं. नाही सांगितलं तर

१९ फेब्रु.
आगरदांड्याला जेट्टीवर वि.ला गाठलं. टेम्पो लावून चहा पीत होता. सगळं एका दमात बोलले. कप खाली ठेवला.
"कुनाकडून आला?"
"तुमच्याशिवाय माझ्याकडे कोण येतं?"
"म्हंजे मी दिला?"
त्याचं मागचं मला काय ठाऊक. माझ्या नवऱ्याचंही कुठं ठाऊक होतं.
म्हटलं, सोमवारी इंजेक्शनला चला. "मामाला काय सांगू?" एवढंच बोलला. मी पाय धरायचेच बाकी ठेवले. घरी येऊन स्वतःचाच राग आला. मी का म्हणून पाय धरू?

२३ फेब्रु., सोम.
आला. आगरदांड्यापासून एकाच एसटीत, पण पुढच्या सीटवर. एकदाही मागे वळून बघितलं नाही. सेंटरच्या दारापर्यंत आला, आतल्या बायका बघितल्या नि थबकला.
"तू हो फुडं. मी चाय घेऊन येतो."
बाकावर बसून हे लिहितेय. मॅडम दोनदा विचारून गेल्या, "ताई, आले का ते?" दोन्ही वेळा म्हटलं, आलेत, बाहेर आहेत. उठून रस्त्यावर बघून यायला हवं. चहाची टपरी इथून दिसते, तिथे तो नाही. उठवत नाही.